नळीखालचं कुंकू

जुनी बंदूक हातात आली की माणूस ती आधी खांद्याला लावतो आणि एक डोळा मिटतो. डॉक्टर असो, वकील असो, मालगुजाराचा नातू असो, सगळे तेच करतात. मग सांगायला लागतात. ही आमच्या खापरपणजोबांची, सीताबर्डीच्या लढाईतली. सीताबर्डीच्या लढाईतल्या म्हणून जेवढ्या बंदुका माझ्या दुकानात आल्या, तेवढ्या खरंच त्या दिवशी भोसल्यांच्या बाजूला असत्या, तर इंग्रज त्या टेकडीवर टिकलाच नसता. हे मी दोनचार गिऱ्हाइकांना तोंडावर सांगितलंही आहे. बायको म्हणायची, "तुमच्या जिभेपायी एक दिवस दुकानाले कुलूप लागन." पुढे कुलूप लागलं ते जिभेपायी नाही, पण तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

दुकान नागपूरच्या महाल भागात होतं. पुढे दुकान, मागे भट्टी, भट्टीच्या मागे आम्ही राहायचो. आमचे कोणी पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि हत्यारं दुरुस्त करता करता नागपूरचेच झाले, एवढंच आम्हाला माहीत. बाबांच्या काळात काम भरपूर होतं. शिकारी लोकांच्या बंदुका यायच्या, आणि रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्यांच्या परवान्याच्या ठासणीच्या बंदुका यायच्या. ठासणीची नवी नळी बाबा स्वतः बनवत. लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळायची, ठोकून सांधायची, आतून साफ करायची, बाहेरून कानशीनं घासायची. भट्टीवर आम्ही दोघे भाऊ. धाकट्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. मला त्याचा हेवा वाटायचा, पण भांडण होईल इतका कधी वाटला नाही.

तयार नळी लाकडात बसवण्याला आमच्या घरी नळी निजवणं म्हणत. लाकडात तिच्या मापाची खाच कोरून घ्यायची, मग नळी त्यात ठेवून वरून पितळी कड्या आवळायच्या. नळीची खालची बाजू लाकडात जाते, ती कोणाला दिसत नाही. दुसरे कारागीर ती बाजू ओबडधोबड सोडून देतात. बाबा मात्र ती बाजूही वरच्यासारखीच गुळगुळीत घासायला लावत. घासून झाली की हाक मारायचे आणि माय आतून कुंकवाचा करंडा घेऊन यायची. आम्ही नळी उलटी धरायचो. मागच्या टोकापासून वीतभर पुढे, बरोबर मधोमध, माय तेलात कालवलेल्या कुंकवाचा ठिपका अनामिकेनं लावायची. मग नळी निजायची, कड्या बसायच्या, आणि तो ठिपका पुन्हा कोणाच्या नजरेस पडत नसे. गिऱ्हाइकाला तर तो असल्याचंही ठाऊक नसायचं. माझ्या बायकोनं लग्नानंतर पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तिनं विचारलं, दिसतच नाही तर लावायचं काहून? माय म्हणाली, "लेक सासरी धाडतानी कुंकू लावतेस ना वं? तसंच हे." दुसऱ्या कोणत्या घरात ही रीत होती असं मी ऐकलेलं नाही.

बाबा साठीच्या आतच गेले. उन्हाळा होता, दोन दिवस ताप आला आणि माणूस गेला. चौदावं झालं तेव्हा एका शेतकऱ्याचं काम अडून राहिलं होतं. धाकट्यानं नळी पुरी केली. बाबा नसताना केलेली ती पहिली नळी. खालची बाजू अशी घासली होती की हात फिरवत राहावंसं वाटावं. त्यानं आत हाक मारली. माय उठली नाही.

"सुनेले बोलाव," ती आतूनच म्हणाली.

धाकटा करंडा घेऊन तिच्यापुढे जाऊन बसला. "वहिनी नको. तूच लाव."

"मले नको सांगू गा. माहं कुंकू तुह्या बापासंग गेलं. त्या करंड्याले आता मी हात लावत नाही."

"कपाळाले लाव म्हणून कोण म्हणून राहिलं? नळीले लाव."

"नाही म्हणजे नाही."

"बाबानं नळी शिकवली, तू कुंकू लावलं. बाबा गेले तं तू बी गेली का?"

मायनं तोंड फिरवलं. तो आणखी बोलला, ती आणखी घट्ट झाली. दोघांचा स्वभाव एकाच मातीचा. मी मध्ये पडलो तर दोघांनी मलाच गप्प केलं. शेवटी माझ्या बायकोनं भीतभीत कुंकू लावलं आणि नळी निजली. धाकटा त्या बंदुकीकडे पाहायलाही उभा राहिला नाही. त्या आठवड्यातच तो घरातून गेला. सांगून गेला नाही. कपडे नेले, हत्यारं सगळी जागेवर होती.

खापरखेड्याच्या बिजली कारखान्यात त्याला कोणी पाहिलं म्हणे, म्हणून मी तिथल्या कामगार वसाहतीत हिंडून आलो. नंतर कोराडीला नव्या वीजकेंद्राचं काम निघालं, जिकडून तिकडून फिटर लोक तिथे जमा झाले, तेव्हा कोराडीच्या बसनं जाऊन फाटकाशी उभा राहिलो. पाळी सुटली की चेहरे पाहायचे. सगळेच धुळीनं सारखे झालेले. दोनदा दुसऱ्याच माणसाचा खांदा धरला. घरी आलो की माय विचारायची नाही, फक्त माझ्या तोंडाकडे पाहायची आणि पाण्याचा तांब्या पुढे करायची. एकदाच म्हणाली, "एक बोट लावाचं होतं. लावलं असतं तं काय आभाय कोसळलं असतं?" मी म्हणालो, तुझ्या जागी कोणीही हेच केलं असतं. ते खरंच होतं. पण तिला त्याचा काही उपयोग नव्हता.

मग शिकारीवर बंदी आली. रायफली कपाटात गेल्या आणि आमचं निम्मं काम संपलं. त्याच सुमाराला लोकांना भिंतीवर जुनी हत्यारं टांगायचं वेड लागलं. हॉटेलवाले, ठेकेदार, सिव्हिल लाइन्सचे बंगलेवाले, ज्याला त्याला तोड्याची बंदूक हवी. तोड्याची म्हणजे जळत्या सुतळीनं बार उडवायची सगळ्यात जुनी तऱ्हा. एवढ्या जुन्या बंदुका आणायच्या कुठून? मग त्या बनायला लागल्या. आणि खरी कोणती, खोटी कोणती हे विचारायला लोक माझ्याकडे यायला लागले. बंदुका दुरुस्त करणारा मी असा बसल्या बसल्या पारखी झालो.

खोटी ओळखणं बहुतेक वेळा सोपं असतं. नळी पाण्याच्या पाइपाची असते, आत दिवा धरला की कळतं. खरी नळी आतून कधीच सारखी नसते, पट्टीचा सांधा वळत वळत गेलेला दिसतो. नवसागर लावून शेणात पुरून आणलेला गंज तांबूस असतो आणि सगळीकडे एकसारखा चढतो. खरा गंज काळपट असतो आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या हात लागला तिथे तो नसतोच. लाकडाला कात आणि चहाचं पाणी पाजलेलं असतं, जीभ लावली की तुरट लागतं. लोक मला बंदुका चाटणारा म्हणून हसत. हसू देत. किडीची भोकं पाडतात ती गिरमिटानं, सरळ. कीड कधी सरळ चालत नाही. आणि सगळ्यात शेवटी कान. बत्ती द्यायच्या बारीक भोकाला आमच्या धंद्यात कान म्हणतात. शेकडो बार उडालेल्या बंदुकीचा कान जळून जळून रुंद झालेला असतो, त्याच्या कडा खाल्लेल्या असतात.

जुन्या मालाचा एक व्यापारी इतवारीच्या बाजारातून माझ्याकडे यायचा. त्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सिव्हिल लाइन्समध्ये राहणारे एक निवृत्त डॉक्टर. मी पाहिल्याशिवाय डॉक्टरसाहेब काही विकत घेत नसत, म्हणून व्यापारी आधी माल माझ्याकडे आणायचा. असाच एका दुपारी त्यानं गोणपाटातून एक तोड्याची बंदूक काढली. नळी आतून पाहिली. पाइप नव्हता, पट्टीची नळी होती, आणि सांधा इतका साफ की मी चक्रावलो. पण गंज नवसागराचा होता आणि कान कोरा होता. खोटी. तरी सवयीनं कड्या काढल्या आणि नळी उचलून उलटी केली.

खालची बाजू गुळगुळीत घासलेली होती. मागच्या टोकापासून वीतभर पुढे, मधोमध, कुंकवाचा ठिपका होता.

व्यापारी बिडी पेटवत होता. त्याला काही कळलं नाही. मी नळी घेऊन मागे गेलो आणि मायपुढे धरली. ती तांदूळ निवडत होती. तिनं पाहिलं, ताट बाजूला सारलं. तिनं त्या ठिपक्याला हात लावला नाही, वरच्या वर बोट धरलं आणि म्हणाली, "जित्ता हाय. माहा पोरगा जित्ता हाय." मग पदर तोंडात कोंबून रडली, कारण बाहेर माणूस बसला होता. इतकी वर्षं ज्याला फाटकांवर शोधला, तो माझ्या दुकानात असा उलटा होऊन पडला होता.

मी बाहेर आलो आणि व्यापाऱ्याला सांगितलं, खोटी आहे, गंज नवा आहे, कान कोरा आहे. कुंकवाचं बोललो नाही. मग विचारलं, माल कुठून येतो?

"भाऊ, हे विचारू नका ना जी. माल चार हातांतून येते. मले बी पहिला हात मालूम नाही."

त्याचं चुकत नव्हतं. विनापरवाना बंदूक बनवणं म्हणजे तुरुंग. पहिला हात कोणाचा हे कोणीच कोणाला सांगत नसे. तरी मी न राहवून म्हणालो, बनवणाऱ्याला निरोप दे, त्याची माय वाट पाहते. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी पोलिसात नोकरी धरली आहे. त्यानंतर कितीतरी महिने तसला माल आलाच नाही. मायनं मला त्या निरोपाबद्दल फार बोलून घेतलं, आणि ते मी ऐकून घेतलं. पुन्हा माल सुरू झाला तेव्हा मी कानाला खडा लावला की काही विचारायचं नाही.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दुसऱ्यांदा आलेल्या बंदुकीचा कान जळलेला होता. मी काढलेली खोड त्या चार हातांतून उलटी जाऊन त्याच्यापर्यंत पोचत होती. मी म्हणालो, लाकूड तुरट लागतं, तर पुढच्या खेपेला खरोखरच जुनं सागवान आलं, कुठल्यातरी पडक्या दाराच्या चौकटीचं. मी म्हणालो, किडीची भोकं सरळ आहेत, तर पुढच्या खेपेला कीड वळणं घेत आली. मी म्हणालो, गंज सारखा चढला आहे, तर पुढची बंदूक जिथे हात लागतो तिथे झिजून आली. निरोप जात नव्हता, पण खोडी जात होत्या. आम्ही दोघे भाऊ बोलायला लागलो होतो, आणि फक्त मलाच ते माहीत होतं. तो मला कोणी तिऱ्हाईत खोडसाळ म्हातारा समजत असणार.

प्रत्येक नळीखाली कुंकू असायचंच. नुसतं व्यापाऱ्याच्या सायकलचं स्टँड वाजलं तरी माय दाराशी यायची. नळी पाहून झाली की मला विचारायची, "यावेळेस काय कमी काढलं त्याच्यात?"

"गंज."

"जास्त खोडी नको काढत जाऊ बापा. जीव लावून केलं हाय त्यानं."

"खोटं ते खोटंच, माय."

"हाव, ते तं हायच," ती म्हणायची आणि नाखुशीनं आत जायची. मी त्याची एकही बंदूक खरी म्हणून जाऊ दिली नाही. व्यापारी त्या मुंबईकडे खपवायचा, तिथे विचारणारं कोणी नव्हतं. धाकट्याचं पोट त्यावर चालत असेल, यात मला बरंच वाटायचं. डॉक्टरांना मात्र मी फसवू शकत नव्हतो. ते माझ्या शब्दावर डोळे मिटून चालत.

मग ती बंदूक आली. यावेळी व्यापाऱ्याबरोबर डॉक्टर स्वतः आले, कारण त्यांनी ती आधीच पाहिली होती आणि त्यांचं मन तिच्यावर बसलं होतं. ते माझ्या स्टुलावर बसले, बंदूक मांडीवर घेतली आणि एक बोट तिच्या दस्त्यावरून फिरवत राहिले. त्यांचा सगळा संग्रह ते एका संग्रहालयाला देणार होते. "ही मी पहिल्या कपाटात ठेवायला सांगणार आहे," ते म्हणाले. "पोरं येऊन बघतील. म्हणून म्हटलं, एकदा तुम्ही बघा. आणि खोटी म्हणालात तर यावेळी मला कारण दाखवा. नुसत्या शब्दावर मी हिला सोडू शकणार नाही."

मी भिंग घेऊन बसलो. नळीचा सांधा, गंज, लाकूड, कीड, कान. बोट ठेवायला एकही जागा नव्हती. मी आजवर काढलेली प्रत्येक खोड त्यानं निस्तरली होती. बाबांनी ही बंदूक पाहिली असती तर त्यांनाही ती दोनशे वर्षांची वाटली असती. मला अभिमान वाटला, हे कबूल करायला लाज कसली. मग कड्या काढल्या, नळी उलटी केली. डॉक्टर व्यापाऱ्याशी बोलत होते. ठिपका तिथे होता, लाल, अजून तेलकट.

मी नळी पुन्हा निजवली आणि म्हणालो, साहेब, मला थोडे दिवस द्या.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं बसलो. माय, बायको, मी. मी सांगितलं, खोटेपणाचा एकच पुरावा आहे आणि तो म्हणजे हा कुंकवाचा ठिपका. दाखवला तर उद्या त्याच्यापर्यंत जाईल की नळीखालचं कुंकू पकडलं. मग तो लावणं बंद करील आणि तो जिवंत आहे हे आपल्याला कळायची एकुलती एक खूण जाईल. नाही दाखवला तर ही खोटी बंदूक माझ्या शब्दावर पहिल्या कपाटात बसेल.

मायचा चेहरा पालटला.

"अरे, कुंकू पकडणारं कोण हाय दुनियेत? तूच सांग. कोन्या पारख्याले मालूम हाय का नळीखाली कुंकू असते म्हणून?"

"नाही."

"मंग? त्याच्या कानावर गेलं का कुंकू पकडलं, तं त्याले समजन ना कोणी पकडलं ते. त्याले समजन का आपल्या घरात पोचलं. दादा पाहते, माय पाहते. सांगून दे तू. बिनधास्त सांगून दे. येते पाह्य तो."

बायको हळूच म्हणाली, "आन नाही आले तं?"

"कसा नाही येत? रुसला हाय तो माह्यावर. रुसलेलं माणूस कोणी बोलवाचीच वाट पाहत राहते."

मला ते पटलं. पटवून घ्यायलाच मी बसलो होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला आमच्याकडून काही सांगता येणार होतं, आणि तेही खरं बोलूनच.

डॉक्टर आले, व्यापारीही आला. मी नळी उलटी करून दाखवली. डॉक्टरांनी खिशातून कापसाचा बोळा काढून ठिपक्याच्या कडेला टेकवला. बोळा लाल झाला. दोनशे वर्षांचं कुंकू असतं तर ते काळं पडून खपलीसारखं वाळलं असतं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. ते त्या बोळ्याकडे पाहत राहिले. "खोटं करतानाही पूजा केली बघा," ते म्हणाले. "कुणाचा तरी चांगला मुलगा असणार." मला तिथे बसवेना. व्यापारी रागावला, आजवर हे काहून नाही सांगितलं म्हणाला. मी म्हणालो, आजवर गरज पडली नाही. मग मुद्दाम त्याच्याकडे वळून म्हणालो, बनवणाऱ्याला सांग, नागपुरात महालातल्या भट्टीवर कुंकू पकडलं. असंच सांग, याच शब्दांत.

तेव्हा पोळा होऊन मारबती निघायचे दिवस होते. मायनं मनाशी दसरा धरला. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते, त्या दिवशी तो कुठेही असला तरी त्याला घर आठवेल, असं तिचं म्हणणं. तिनं त्याचा वाइस, नळी पकडायचा शिकंजा, रॉकेलनं पुसून घेतला. त्याची जुनी गादी उन्हात टाकली. डाळ दळून आणली, कारण त्याला पाटवडीचा रस्सा आवडायचा. शेजारणीनं विचारलं कोण येणार आहे, तर सरळ सांगितलं, "धाकला येऊन राहिला." मी म्हणालो, माय, आत्ताच सांगत नको जाऊ. ती म्हणाली, तुझा स्वभावच खोडी काढायचा आहे.

खंडेनवमीला तिनं त्याच्या हत्यारांची पूजा माझ्याकडून वेगळी करवून घेतली. दसऱ्याला सोनं द्यायला माणसं येत राहिली. प्रत्येक चप्पल वाजली की माय उठायची. अंधार पडला तेव्हा पाटवडीचा रस्सा आम्हीच खाल्ला. दिवाळी गेली. मायनं गादी गुंडाळून ठेवली नाही. ती म्हणाली, निरोप चार हातांतून जायचा, वेळ लागणारच.

थंडीत एका सकाळी सायकलचं स्टँड वाजलं. व्यापाऱ्यानं गोणपाट सोडलं आणि माझ्यापुढे तोड्याची बंदूक ठेवली. मी भिंगही घेतलं नाही. सरळ कड्या काढल्या. माय दाराशी येऊन उभी होती. मी नळी उचलून मागे गेलो आणि खिडकीशी उजेडात उलटी केली.

काम त्याचंच होतं. खालची बाजू तशीच गुळगुळीत घासलेली, बाबांनी शिकवली तशी, उलट जास्तच. वीतभर पुढे, मधोमध, जिथे ठिपका असायचा तिथे तर लोखंड आरशासारखं चमकत होतं. तिथे काही नव्हतं.

मायला हल्ली कमी दिसायचं. तिनं विचारलं, "हाय का?"

मी नळी तिच्यापुढे केली. तिनं नळी माझ्या हातातून घेतली, मांडीवर ठेवली आणि अनामिका लोखंडावरून सावकाश फिरवली. मग बोट डोळ्यांपुढे धरून पाहिलं. बोट कोरं होतं. आम्हाला वाटलं होतं की निरोप पोचायला वेळ लागतो आहे. निरोप केव्हाच पोचला होता, आणि त्यानं तो नीट समजून घेतला होता.

"माय, विसरला असन," मी म्हणालो.

"नाही गा, विसरला नाही. पाह्य किती घासलं." ती तिथेच बोट ठेवून बसली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. मग ती म्हणाली, "तवा मी त्याले नाही म्हटलं होतं. आता तो मले नाही म्हणून राहिला."

तिनं पदरानं नळी पुसली आणि माझ्याकडे दिली.

"जा, कड्या बसव. तो माणूस खोळंबला बाहीर."

मी बाहेर येऊन कड्या बसवल्या.